कपाटातला काळा अक्रोड

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमध्ये काळ्या अक्रोडाची भरघोस लागवड झाली आहे आणि वनस्पतिशास्त्रज्ञांना तिचा अजून पत्ता नाही. दोष त्यांच्या सवयीचा आहे. ते झाड शोधायला घराबाहेर पडतात. सिटी सेंटरमधला अक्रोड पाहायचा तर चपला काढून आत जावं लागतं. तो बेडरूममध्ये भिंतभर उभा असतो, दिवाणखान्यात टीव्हीच्या पाठीशी असतो, दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असतो आणि कोचिंग क्लासच्या केबिनमध्ये तर दारापासून खुर्चीपर्यंत तोच असतो. शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांतून इकडच्या फ्लॅटांत आलेल्या मराठी घरांत देवघरही अक्रोडाचं झालं आहे. आतले देव तेवढे पूर्वीच्याच पितळेचे राहिले आहेत. घरमालकाला विचारावं, तो दहा पावलांवरून सांगेल, ‘‘हा डार्क वॉलनट. शेजाऱ्यांकडे आहे तो साधा.’’ त्याच मालकाला गॅलरीत नेऊन समोरचं झाड कोणतं असं विचारलं, तर तो क्षणभर त्याच्याकडे पाहतो आणि म्हणतो, ‘‘नगर निगमचं असेल.’’ उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलाचं झाड ओळखणाऱ्या आणि दारातलं न ओळखणाऱ्या या माणसाला अडाणी म्हणणं अन्यायाचं होईल. त्याने अक्रोडासाठी पैसे मोजलेले आहेत आणि समोरच्या झाडासाठी मोजलेले नाहीत. ज्या झाडाशी आपलं देणंघेणं असतं तेच आपल्याला ओळखू येतं, असं माझं म्हणणं आहे, आणि काळ्या अक्रोडाइतका पक्का साक्षीदार या खटल्यात दुसरा मिळणार नाही.

आधी कपाटातला अक्रोड नीट पाहू. ज्याला आपण सगळे सनमायका म्हणतो तो आठ बाय चार फुटांचा आणि सहसा एक मिलिमीटर जाडीचा तक्ता म्हणजे कागद. खाली राळेत भिजवलेल्या जाड तपकिरी कागदाचे थर, त्यावर लाकडाचं चित्र छापलेला एक कागद, आणि हे सगळं उष्णतेने आणि दाबाने एकजीव केलेलं. चित्र रुळावरून छापलं जातं. रुळाचा एक फेरा पुरा झाला की चित्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून कपाटाची दोन दारं शेजारी लावली की डाव्या दारावर हातभर उंचीला जी डोळ्याच्या आकाराची गाठ असते, तीच गाठ, त्याच चिरेसकट, उजव्या दारावरही त्याच उंचीला आढळते. लाकडातली गाठ म्हणजे एकेकाळची फांदी. ती जिथून फुटली तिथे लाकडाच्या रेषांनी तिला वळसा घातलेला असतो. जगात कुठल्याही झाडाला एकच फांदी दोनदा फुटलेली नाही. सिटी सेंटरमध्ये ती एकेका कपाटात चारदा फुटते आणि तिच्याखाली रोज झोपणाऱ्यांपैकी कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. चित्राच्या खाली प्लायवूड असतं. आपल्याकडचं बरंचसं प्लायवूड हरियाणातल्या यमुनानगरकडून येतं आणि ते पॉप्लर किंवा निलगिरीचं असतं. म्हणजे ज्या निलगिरीला हा मालक ‘जमिनीचं पाणी पिणारं झाड’ म्हणून नावं ठेवतो, तीच त्याच्या सुटांचा भार वाहते, आणि मान मात्र वरच्या फोटोला मिळतो. ज्यांची ऐपत मोठी त्यांच्याकडे खरा अक्रोड असतो, पण तोही व्हेनियर, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा. पैसा वाढला की अक्रोड खरा होतो, जाड काही होत नाही.

आता झाड. काळा अक्रोड ओळखणं हे कॅटलॉग चाळण्याइतकं सोपं नाही, कारण ते झाड वर्षाचा मोठा भाग ओळख द्यायलाच तयार नसतं. वसंतात पालवी फुटायला ते शेवटी उठतं आणि शरदात पानं टाकायला सगळ्यांच्या आधी तयार होतं. सनमायकाचा दुकानदार छातीवर हात ठेवून सांगतो की वॉलनट एव्हरग्रीन आहे. ज्या झाडाचा हा फोटो आहे ते ऐन सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उघडं पडलेलं असतं. पानं असतात तेव्हा ती हातभर लांब दांड्यावर पंधरा ते तेवीस पर्णिकांची असतात, पर्णिकांच्या कडा बारीक दातेरी असतात आणि टोकाची पर्णिका बहुधा खुरटी असते किंवा नसतेच; सोसायटीच्या सभेत अध्यक्षाची खुर्ची असते तशी. पान चुरगाळलं की मसाल्यासारखा उग्र वास येतो. पानं गळल्यावर खोडाच्या काळपट सालीवरच्या खोल, एकमेकींना छेदणाऱ्या भेगा पाहाव्या लागतात, आणि पान जिथून गळलं तिथली खूण निरखावी लागते. ती माकडाच्या तोंडासारखी दिसते. सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे कोवळी डहाळी उभी चिरणे. आतला गाभा भरीव नसतो. आडव्या पातळ पडद्यांनी त्याचे एकावर एक कप्पे पाडलेले असतात. कपाटासाठी जगभर मान्यता पावलेलं झाड कपाट पोटातच घेऊन जन्मतं, हे एकाही कॅटलॉगमध्ये छापलेलं नाही. एवढ्या खुणा असूनही अमेरिकेत लोक फसतात. एलँथस नावाचं एक चिनी झाड तिकडे वाटेल तिथे उगवतं आणि लांबून अक्रोडच वाटतं. त्याचाच सख्खा चुलतभाऊ आपल्याकडे आहे, महारुख. मध्य भारतात तो रस्त्याकडेला, ओसाड प्लॉटवर सर्रास दिसतो. तशीच लांबलचक संयुक्त पानं, तशाच पर्णिका. म्हणजे अक्रोड समजून फसायला लागणारं झाडसुद्धा ग्वाल्हेरात हजर आहे. पण फसायलाही झाडाकडे बघावं लागतं, आणि तेवढी सवड इथे कुणाला नाही.

मग काळा अक्रोड ओळखतं तरी कोण? ज्याला त्याच्याकडून काही मिळतं तो. मिझुरी राज्यातल्या स्टॉकटन या लहान गावात हॅमन्स नावाची कंपनी 1946 पासून जंगली काळे अक्रोड विकत घेते. दर शरदात आसपासच्या राज्यांतले लोक आपापल्या कुंपणाकडेचे, कुरणातले, रस्त्यालगतचे अक्रोड पोत्यांत भरून खरेदी केंद्रांवर नेतात आणि सोललेल्या मालाच्या वजनावर पैसे घेतात. तिथल्या शाळकरी पोरालाही झाड ओळखायला पुस्तक लागत नाही. फळ हिरवं, जवळजवळ टेनिसच्या चेंडूएवढं. त्याची साल सोलताना हाताला लागलेला तपकिरी डाग साबणाला दाद देत नाही आणि कितीतरी दिवस राहतो. आतलं कवच इतकं कडक की काही जण फळं अंगणातल्या वाटेवर पसरून त्यांच्यावरून मोटार नेतात. गर आइस्क्रीममध्ये जातो आणि कवचाची पूड यंत्रं घासण्यापासून चेहरा घासण्यापर्यंत सगळीकडे. याशिवाय आणखी एक वर्ग हे झाड अचूक ओळखतो, तो म्हणजे चोर. चांगल्या सरळ बुंध्याला व्हेनियरवाले इतकी किंमत देतात की लोकांच्या शेतातले अक्रोड रात्री कापून नेल्याची प्रकरणं तिकडच्या कोर्टांत गेलेली आहेत. अंधारात, पानं नसताना, घाईत असताना झाड ओळखणं ही परीक्षा कुठल्याही विद्यापीठाच्या परीक्षेपेक्षा अवघड आहे, आणि त्यात पास होणाऱ्यांना वनस्पतिशास्त्राची आवड असल्याचं कुणी म्हटलेलं नाही. व्यवहार शिकवतो तसं कुणी शिकवत नाही.

यावर उत्साही माणूस म्हणेल, मग व्यवहारच सुरू करू, सिटी सेंटरमध्ये काळा अक्रोड लावू. शहरात कृषी विद्यापीठ आहे, सोसायटीत माळी आहे, घरात फ्रिज आहे. त्यातला फ्रिज खरोखरच उपयोगी पडेल, कारण या बीला थंडीची झोप लागते. हिरवी साल काढून, पाण्यात टाकून, जे तरंगतील ते फेकून, बुडालेले अक्रोड ओल्या वाळूत घालून एक ते पाच अंश तापमानात तीन-चार महिने ठेवावे लागतात. म्हणजे दिवाळीपासून शिमग्यापर्यंत भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीशेजारी वाळूची पिशवी. एवढं घरात मान्य झालं तर पुढचं सोपं आहे असं वाटेल, पण बी रुजल्याबरोबर सोटमूळ सरळ पाताळाकडे निघतं, त्यामुळे कुंडी बाद. झाडाला खोल, भुसभुशीत, निचऱ्याची जमीन आणि मोकळं ऊन हवं, त्यामुळे पार्किंग बाद. त्याच्या मुळांतून, पानांतून आणि सालींतून जुग्लोन नावाचं द्रव्य उतरतं आणि टोमॅटो-बटाट्यांसारखी कित्येक झाडं त्याच्या सावलीला माना टाकतात, त्यामुळे परसबाग बाद. शेजाऱ्याला वाढू न देण्याचा हा गुण पाहता ते गृहनिर्माण संस्थेत रुळलं असतं. पण त्याला लांबलचक थंडी लागते आणि ग्वाल्हेरची थंडी डिसेंबर-जानेवारीत आटोपते. नंतर मे महिन्यात लू सुटते आणि पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. साधा अक्रोडसुद्धा अडतीस अंशांपुढे फळं करपवून घेतो, म्हणून तो काश्मीरमध्ये राहतो आणि इथे फक्त दाल बाजारातल्या पोत्यांत येतो. समजा हेही निभावलं, तरी विकण्याजोगं फळ धरायला दहा-बारा वर्षं आणि व्हेनियरजोगा बुंधा व्हायला साठ-ऐंशी. दौलतराव शिंद्यांची छावणी 1810 मध्ये इथे पडली आणि तिचंच लष्कर शहर झालं. त्या पावसाळ्यात कुणी काळा अक्रोड लावला असता, तर जयाजीरावांनी 1874 मध्ये जयविलास बांधला तेव्हा तो नेमका फर्निचरला आला असता. छावणीला असला हिशेब सुचत नाही. सिटी सेंटरलाही सुचत नाही, कारण इथला सगळ्यात लांब पल्ल्याचा हिशेब वीस वर्षांच्या गृहकर्जाचा असतो आणि हे झाड लागोपाठ तीन गृहकर्जं मागतं.

विनोद असा की अक्रोड हवाच असेल तर त्याची सोय या मातीत पूर्वीपासून आहे. शिरीष. त्याचं गाभ्याचं लाकूड गडद तपकिरी, काळपट रेषांचं, टिकाऊ आणि पॉलिशला चांगलं. लाकडाच्या व्यापारात ते ईस्ट इंडियन वॉलनट याच नावाने विकलं गेलं आहे. म्हणजे गॅलरीतून दिसणारं ते ‘नगर निगमचं’ झाड शिरीष निघालं, तर व्यापाऱ्यांच्या हिशेबाने तो अक्रोडच आहे. ओळख पटवायला त्याला डहाळी चिरावी लागत नाही. चिंचेच्या पानासारखी पण बरीच मोठी, दोनदा विभागलेली पानं. संध्याकाळ झाली की त्यांच्या पर्णिका मिटतात. माघ-फाल्गुनात झाड निष्पर्ण होतं आणि फांद्यांवर वीतभर लांब, चपट्या, गवती रंगाच्या शेंगा राहतात. एकेका शेंगेत सहा-आठ बियांचे फुगवटे उजेडात धरले की मोजता येतात. वारा आला की या शेंगा वाजतात. इंग्रजांनी त्या आवाजाला बाईच्या जिभेची उपमा दिली. सोसायटीच्या वार्षिक सभेला बसायची वेळ त्यांच्यावर आली असती तर त्यांनी उपमेतला माणूस बदलला असता. उन्हाळ्यात, बाकीचं शहर भाजत असताना, याला हिरवट पांढऱ्या केसरांचे सुगंधी झुबके येतात. शाकुंतलाच्या सुरुवातीला नटी ग्रीष्माचं गाणं म्हणते, त्यातल्या स्त्रियांच्या कानांवर हीच फुलं आहेत. चरकाने विषावरच्या औषधांत शिरीषाला पहिलं स्थान दिलं आहे. राजधानीच्या नाटकात, वैद्याच्या खलात आणि सुताराच्या पेढीवर इतकी ये-जा असलेलं झाड सिटी सेंटरमध्ये बेवारस उभं आहे, कारण आज त्याच्याकडे कुणाचंच काही काम निघत नाही. शेजारच्या बंगल्याच्या फाटकाशी उभं असलेलं उंच निमुळतं झाड मात्र सगळ्यांना ठाऊक असतं: अशोक. तोही खोटा; खऱ्या अशोकाला नारिंगी-तांबड्या फुलांचे घोस येतात आणि तो असा सैनिकासारखा उभा राहत नाही.

समजूतदार वाचकाचा पहिला आक्षेप असा येईल की सनमायकाचे तर उपकार मानले पाहिजेत. सगळ्यांनी खरा अक्रोड मागितला असता तर जंगलं संपली असती. हे अगदी मान्य. फोटोने कुणाचा जीव जात नाही. तक्रार सनमायकावर नाहीच, तक्रार त्या नजरेवर आहे जी अकराशे रुपये आणि बावीसशे रुपये यांतला तपकिरी रंगाचा फरक टिपते आणि शेंग लागलेलं झाड व न लागलेलं झाड यांतला टिपत नाही. इतकी तयार झालेली नजर थोडी खिडकीबाहेर वळवायला खर्च नाही. दुसरा आक्षेप मोबाइलवाल्यांचा. झाडाचा फोटो काढला की अॅप नाव सांगतं, मग ओळख ठेवायची कशाला? अॅप नाव बहुधा बरोबर सांगतं, हे कबूल. पण टेलिफोन डिरेक्टरीत सगळ्या गावाची नावं होती म्हणून सगळं गाव ओळखीचं झालं नव्हतं. शिरीषाची कोणती फांदी पावसाआधी छाटायची, त्याच्याखाली काय उगवतं, बी केव्हा तयार होतं, हे ज्याला ठाऊक तो त्याला ओळखतो. बाकीच्यांनी त्याचं नाव ऐकलेलं आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि तो ग्वाल्हेरनेच पुरवला आहे. व्यवहारातून ओळख होते हे ठीक, पण व्यवहार झाडाला जगू देतो का? हजिऱ्याला मुहम्मद घौसांच्या मकबऱ्याशेजारी तानसेनाची समाधी आहे आणि समाधीपाशी चिंच. तिचा पाला चघळला की गळा गोड होतो अशी गवयांची श्रद्धा. या शहरात असं एकच झाड असेल ज्याचा पत्ता रिक्षावाल्यापासून उस्तादापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. आणि या लोकप्रियतेचा परिणाम? पिढ्यान् पिढ्यांच्या गायकांनी मूळ चिंच ओरबाडून ओरबाडून संपवली. आज तिथे आहे ती नंतरची. ज्या गावाने हद्दूखाँ-हस्सूखाँ दिले, ज्या गावची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली, त्या गावात गळा पाल्याने तयार होत नाही हे कुणालाही ठाऊक असणार. तरी पाला खायचा कुणी सोडला नाही. तिकडे अमेरिकेत ज्यांनी काळा अक्रोड ओळखला त्यांतल्या काहींनी तो चोरला. तेव्हा ओळख म्हणजे प्रेम, असा भाबडा दावा मी करत नाही. ओळखीच्या माणसाच्या हातात करवतही असते. पण हजिऱ्याची गोष्ट पुरती सांगायची तर तिचा दुसरा भागही सांगितला पाहिजे: चिंच गेली तेव्हा तिच्या जागी चिंचच आली. तिथे कुणी शोभेचा खोटा अशोक लावला नाही, कारण गवयांनी तो खपवून घेतला नसता. मिझुरीतही जुना अक्रोड पडला तर शेतकरी कुरणात उगवलेलं रोप राखतो, कारण त्याला ऑक्टोबरमधली पोती दिसत असतात. सिटी सेंटरच्या रस्त्यावरचं अनोळखी झाड वादळात पडलं, तर दोन दिवसांत त्या जागी चारचाकी उभी राहते आणि तिसऱ्या दिवशी तिथे झाड होतं हेही कुणाला आठवत नाही. ओरबाडलं गेलेलं झाड पुन्हा लावलं जातं. न ओळखलेलं झाड पडलं की विषय संपतो. दोन्हींतलं एक निवडायचं तर मी ओरबाडणारे निवडीन. निदान त्यांना ते झाड परत हवं असतं.

राहिले शिरीषाचे दोष, आणि ते आहेत. त्याची मुळं फार खोल जात नाहीत, त्यामुळे जोराच्या वादळात तो उन्मळतो, फांद्या ठिसूळ, शेंगांचा कचरा बराच, आणि लाकूड रंधताना भुशाने मिस्त्री शिंकून बेजार होतो. म्हणून तो भिंतीला खेटून, तारांखाली किंवा बोअरच्या तोंडाशी लावू नये. निदान तीस फूट मोकळी जागा पाहावी. कचऱ्याबद्दल एवढंच म्हणता येईल की मे महिन्यात दुपारी त्याच्याच सावलीत गाडी लावण्यासाठी जे भांडतात, त्यांनी फेब्रुवारीतल्या शेंगांची तक्रार करू नये. आपल्या बाजूने तो हवेतला नत्र जमिनीत आणतो, अक्रोडासारखा शेजाऱ्यांच्या जिवावर उठत नाही आणि फ्रिजमधली जागा मागत नाही. तेव्हा सिटी सेंटरमधल्या वाचकांना माझी विनंती आहे. या फेब्रुवारीत वाळलेल्या शेंगा वेचा, बियांवर उकळतं पाणी ओतून त्या रात्रभर तशाच ठेवा, सकाळी पिशव्यांत लावा, जुलैच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर रोप पार्कच्या कडेला किंवा मोकळ्या प्लॉटवर रीतसर विचारून लावा, आणि पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी घाला. कपाट सध्या आहे तेच वापरा. गृहकर्ज फिटेल त्या सुमाराला झाड बऱ्यापैकी मोठं झालेलं असेल, आणि तोपर्यंत तुम्हाला ते कापवणार नाही.